सशाचें लंघन

घरांत एखादा मुका प्राणी पाळला कीं त्याच्या सुखदुःखाची जबाबदारी आपल्या शिरावर येते, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. परंतु ती जबाबदारी पार पाडण्यास केवळ दया पुरत नाहीं, ज्ञानही लागतें. आणि ज्ञानावांचून केलेली दया प्रसंगीं क्रौर्याचेंच काम करिते. हा धडा आम्ही, उभा जन्म मुलांस शिकविण्यांत घालवून, अखेर पासष्टाव्या वर्षीं एका सशापासून शिकलों. ती हकीकत आम्हांस लाजिरवाणी असली तरी सांगण्यासारखी आहे. ती वाचून एखाद्या घरांतला ससा वांचला, किंवा पशुवैद्यकाच्या वाटेनें निघालेल्या एखाद्या विद्यार्थ्यास सशाच्या शरीररचनेची गोडी लागली, तर आमच्या लाजेचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.

आमचें घर जालना शहरांत, कुंडलिका नदीजवळच्या जुन्या वस्तींत आहे. तीन भावांचें एकत्र कुटुंब. घरांत लहानमोठीं मिळून पंधरा माणसें. गेल्या वर्षीं चैत्रांत मधल्या बंधूंच्या नातवानें हट्ट धरून बाजारांतून दोन पांढरे ससे आणविले. एकीचें नांव मुलांनीं ‘कापशी’ ठेविलें व दुसऱ्याचें ‘शशांक’. आम्हीं तत्काळ हरकत घेतली कीं, ज्याच्या अंकावर शश आहे तो शशांक, अर्थात् चंद्र. खुद्द सशासच शशांक म्हणणें हा समासाचा खून आहे. ती हरकत कोणीं मनावर घेतली नाहीं. पुढें कळलें कीं शशांक हा नर नसून तीही मादीच आहे. तेव्हां समासाबरोबर लिंगही चुकलें. तरी नांव तेंच राहिलें, आणि आम्ही सर्वजण तिला शेवटपर्यंत ‘तो’ म्हणत आलों.

आश्विनांत एके सकाळीं शशांकनें खाणें टाकलें. आम्हांस वाटलें, अजीर्ण झालें असावें. अजीर्णावर लंघन हें आमच्या घरांतील पिढीजात औषध. आमच्या आजीनें त्याच औषधावर अवघें घर वाढविलें. म्हणून आम्हीं आज्ञा केली कीं, सशापुढचा चारा काढून घ्यावा, पाणी तेवढें ठेवावें, आणि पोटास एक दिवस विश्रांति द्यावी. घरांत आमचा शब्द कोणी सहसा मोडीत नाहीं. तोही मोडला गेला नाहीं. दुसऱ्या दिवशीं ससा कोपऱ्यांत अंग चोरून बसला आणि मधून मधून दांत खाऊं लागला. सूनबाईस वाटलें कीं गारठा बाधला. धाकट्या मुलाच्या खोकल्यासाठीं वैद्यांनीं दिलेलें अमॉक्सिसिलिनचें औषध बाटलींत उरलें होतें. त्यांतलें थोडेंसें तिनें मोठ्या मायेनें थेंब थेंब पाजलें. तिसऱ्या रात्रीं ससा गेला. सकाळीं नातवानें परसांतल्या पारिजातकाखालीं खड्डा खणून त्यास पुरलें, आणि हात धुऊन आमच्यापुढें येऊन विचारलें, “मोठे आजोबा, आपण त्याला औषधसुद्धां दिलं होतं ना? मग तो कां मेला?”

चाळीस वर्षें वर्गांत उभे राहून आम्हीं असंख्य प्रश्नांस उत्तरें दिलीं. या एका प्रश्नास उत्तर देतां आलें नाहीं.

उत्तर मिळालें तें दिवाळींत. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षांत शिकत आहे. ती सुटीस घरीं आली, सर्व हकीकत तिनें शांतपणें ऐकून घेतली, आणि म्हणाली, “काका, सशाला उपास घालीत नाहींत. कुत्र्याला एक दिवस चालतो, सशाला नाहीं. आणि तें औषध तर त्याला विषच झालं असेल.” आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत व त्यापुढें पाठशाळेंतील संस्कृत एवढेंच, शरीरशास्त्राचा आमचा अधिकार नाहीं. परंतु त्या मुलीनें आपलीं इंग्रजी पुस्तकें अर्थ सांगून आम्हांस वाचून दाखविलीं, आणि आम्हीं वहींत टिपणें केलीं. त्यांचा सारांश येथें क्रमानें देत आहों.

प्रथम नांवाचा विचार करूं. संस्कृतांतील शश, ज्याची आकृति आपल्या पूर्वजांनीं चंद्रावर पाहिली, ज्याच्या नसलेल्या शिंगाचा दृष्टांत नैयायिकांनीं पिढ्यान्‌पिढ्या दिला, आणि पंचतंत्रांत ज्यानें भासुरक सिंहास विहिरींत उडी घालावयास लावलें, तो आपल्या रानांतला ससा होय. अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांच्या माळांवर व हरभऱ्याच्या शेतांत संध्याकाळीं जो उड्या मारीत जातांना दिसतो, तो हाच. मानेच्या मागें काळा पट्टा, अंग मातकट, पाय लांब. पिंजऱ्यांत पाळतात तो ससा निराळा. त्याचें मूळ स्थान स्पेन, पोर्तुगाल व दक्षिण फ्रान्स हा प्रदेश असून माणसानें त्यास तेथून जगभर नेलें. आपण मराठींत दोहोंसही ससा म्हणतों, त्यामुळें घोटाळा होतो. वस्तुतः रानसशाच्या पेशींत ४८ गुणसूत्रें, तर पाळीव सशाच्या पेशींत ४४. या दोहोंचा संकर होत नाहीं. पाळीव ससा मूळचा बिळांत राहणारा. त्याचीं पिलें जन्मतः उघडीं, आंधळीं व असहाय असतात आणि त्यांचे डोळे सुमारें दहा दिवसांनीं उघडतात. रानससा बीळ करीत नाहीं. त्याचीं पिलें अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मास येतात.

या भेदाचा व्यवहारांतही उपयोग आहे. सोंगणीच्या वेळीं शेतांत एखादें पिलूं एकटेंच निश्चल बसलेलें आढळतें. पोरांस वाटतें कीं आई सोडून गेली, आणि तीं त्यास उचलून घरीं आणतात. आई सोडून गेलेली नसते. शत्रूस वास लागूं नये म्हणून ती दिवसभर दूर राहते व अंधार पडण्याच्या सुमारास येऊन पाजून जाते. अशा पिलास उचलणें म्हणजे त्यास मारणेंच होय. शिवाय रानसशास धरणें व मारणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा ठरविलेला आहे. पाळीव सशिणीचाही स्वभाव असाच आहे; ती पिलांस दिवसांतून बहुधा एकदांच, तींही दोनचार मिनिटें पाजते. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक घरांत ‘आई पाजत नाहीं’ म्हणून पिलांच्या तोंडांत बोळ्यानें गाईचें दूध घालतात, आणि चांगलीं पिलें दगावतात.

आतां दांत पाहूं. सशाचे पटाशीचे दांत सर्वांस दिसतात; परंतु वरच्या दोन मोठ्या दांतांच्या पाठीमागें खुंटीसारखे आणखी दोन बारीक दांत लपलेले असतात. उंदीर, घूस, खार यांस असे दांत नसतात. या खुणेवरून ससा उंदराच्या कुळांतला नव्हे हें ओळखतां येतें. पूर्वीं शास्त्रज्ञही त्यास त्याच कुळांत घालीत असत. १९१२ सालीं गिडली या अमेरिकन संशोधकानें सशांचा गण स्वतंत्र आहे असें प्रतिपादन केलें, आणि पुढें तें सर्वमान्य झालें. एकंदर दांत २८. त्यांत पटाशीचे वर ४ व खालीं २. सुळे मुळींच नाहींत. बाकीच्या २२ दाढा व उपदाढा.

महत्त्वाची गोष्ट ही कीं, हे सर्व दांत जन्मभर वाढत असतात. पटाशीचा दांत आठवड्यास सुमारें २ ते ३ मिलिमीटर वाढतो. झिजला नाहीं तर वर्षांत चार ते सहा इंच लांब होईल. दाढाही वाढत असतात. त्यांची झीज होते ती गवत चावल्यानें. कारण गवताच्या पात्यांत वाळूच्या जातीचा कठीण अंश असतो, आणि तें बारीक करण्यास सशाचा जबडा तासन् तास आडवा फिरावा लागतो. मऊ अन्न मिळालें कीं हें दळण थांबतें. मग दाढांच्या कडांस सुईसारखीं टोकें फुटतात; वरच्या दाढांचीं टोकें गालांत रुततात व खालच्यांचीं जिभेंत. सशास भूक असते, तो चाऱ्यापाशीं येतो, तोंड लावतो, आणि दुखतें म्हणून मागें फिरतो. पाहणाऱ्यास वाटतें, पोट भरलें किंवा अजीर्ण झालें.

हें ऐकतांना आमच्या घरांत शांतता पसरली. कारण आमचे ससे पोळीचे तुकडे, बिस्किटें, भिजविलेली डाळ आणि गाजरें यांवर वाढले होते. चित्रांतला ससा नेहमीं गाजर खातो, म्हणून मुलें गाजर देत. आणि अतिथीस कोरडें गवत घालणें बायकांस बरें वाटेना, म्हणून त्या पोळी देत. कोणाच्याही मनांत वाईट नव्हतें.

दांतांनंतर पोट, आणि सशाच्या सर्व शरीररचनेंत हा भाग मुख्य समजावा. गाईचा प्रकार आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिच्या पोटाचे चार कप्पे असून पहिल्या मोठ्या कप्प्यांत कोट्यवधि सूक्ष्म जंतु चाऱ्यास आंबवितात. तोच चारा ती पुन्हां तोंडांत आणून रवंथ करिते, आणि मग तो पुढें जाऊन पचतो. म्हणजे आंबविणें आधीं व पचन नंतर. सशाचें जठर एकच कप्प्याचें, आपल्यासारखें. त्याच्या आंबविण्याचें पात्र लहान आंतड्याच्या शेवटीं आहे. त्यास अंधांत्र म्हणतात. माणसांत हा भाग अगदीं लहान असतो. सशांत मात्र तो पोटाचा बराचसा भाग व्यापून मळसूत्राच्या वळणानें पसरलेला असून, पचनमार्गांतील एकंदर ऐवजापैकीं सुमारें ४० टक्के ऐवज एकट्या त्यांत मावतो. येथें पचन आधीं व आंबविणें नंतर असा उलटा क्रम झाला. तेव्हां अंधांत्रांत जंतूंनीं तयार केलेलीं प्रथिनें व ब वर्गांतील जीवनसत्त्वें पचनाचें ठिकाण मागें पडल्यामुळें वायां जाणार. ही अडचण निसर्गानें कशी सोडविली, तें पाहण्यासारखें आहे.

सशाचें मोठें आंतडें चाऱ्याची चाळणी करितें. जाड चोथा पुढें ढकलला जाऊन त्याच्या कोरड्या, वाटोळ्या लेंड्या होतात. बारीक अंश मात्र उलट दिशेनें अंधांत्रांत परत जातो, तेथें कांहीं तास आंबतो, आणि मग द्राक्षांच्या लहानशा घोंसाप्रमाणें मऊ, चकचकीत गोळ्यांच्या रूपानें बाहेर येतो. त्या गोळ्या ससा जमिनीवर पडूंच देत नाहीं. मान वळवून त्या थेट मुखांत घेतो व न चावतां गिळतो. म्हणजे अन्न दोनदां पचनमार्गांतून जातें, आणि पहिल्या फेरींत हुकलेलें सत्त्व दुसऱ्या फेरींत पदरांत पडतें. मोरो नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें १८८२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें. आमच्या कुटुंबानें हा प्रकार एकदां प्रत्यक्ष पाहिला, आणि त्या दिवसापासून सशांस स्वयंपाकघराचा उंबरठा बंद झाला! परंतु ओंगळपणा म्हणून ससा हें करीत नाहीं. त्यास हें करूं दिलें नाहीं तर तो अशक्त होतो.

येथें एक मौज नमूद करावीशी वाटते. ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथांत ससा रवंथ करणाऱ्या प्राण्यांत गणलेला असून, त्याचा खूर दुभंगलेला नाहीं म्हणून तो निषिद्ध ठरविला आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं त्यास पंचनख प्राण्यांत गणलें, आणि आमच्या व्याकरणकारांनीं तें उदाहरण उचललें. ज्यूंनीं सशाचें तोंड पाहिलें, आपण पाय पाहिले. रवंथ तो करीत नाहीं खरा. पण एकच अन्न दोनदां खातो, एवढ्यापुरती त्या जुन्या लोकांची नजर अगदींच चुकली असें म्हणवत नाहीं. पायांविषयीं म्हणाल तर पुढच्या पायांस पांच बोटें आहेत, मागच्यांस चारच.

आतां आमच्या लंघनाकडे वळूं. सशाचें जठर निरोगी स्थितींतही बहुधा पूर्ण रिकामें होत नाहीं, आणि जठराच्या तोंडाचा स्नायु इतका घट्ट असतो कीं त्यास ओकारी येऊं शकत नाहीं. आंत गेलेलें पुढेंच जावयास पाहिजे. तें पुढें नेणारी आंतड्यांची हालचाल जाड चोथ्यावर अवलंबून असते. खाणें थांबलें कीं ती हालचाल मंदावते, अंधांत्रांतील उपयुक्त जंतूंची घडी विस्कटते, वायु धरतो, पोट दुखूं लागतें, आणि दुखतें म्हणून ससा आणखी खात नाहीं. तो दांत खातो तें दुःखामुळें. दुसरीकडे, अन्न न मिळाल्यामुळें अंगची चरबी यकृतांत सांठूं लागते व यकृत निकामी होतें. हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे एकदोन दिवसांत प्राणावर बेततें. म्हणूनच कुत्र्यास शस्त्रक्रियेपूर्वीं रात्रभर उपाशी ठेवतात तसें सशास ठेवीत नाहींत. ज्यास ओकारीच येत नाहीं त्याच्याविषयीं ती भीति कशास? जो ससा अर्धा दिवस खात नाहीं किंवा लेंड्या टाकीत नाहीं, तो आजारी नव्हे, अत्यवस्थ समजावा. अशा सशापुढचा चारा आम्हीं स्वतःच्या आज्ञेनें काढून घेतला होता.

औषधाचीही तीच कथा. अमॉक्सिसिलिन व पेनिसिलिनच्या जातीचीं इतर औषधें सशास तोंडावाटे दिलीं असतां अंधांत्रांतील हितकारक जंतु मरतात, त्यांच्या जागीं विषारी जंतु माजतात, आणि त्यांच्या विषानें ससा दगावतो. लिंकोमायसिन व क्लिंडामायसिन हींही तशींच घातक. जें औषध आपल्या बाळास तारतें तेंच त्यास मारतें. उलट धोत्र्याच्या व बेलाडोनाच्या अंगचें जें ॲट्रोपिन नांवाचें विष माणसास वेड लावतें, तें पुष्कळ सशांच्या रक्तांतील एका द्रव्यामुळें लवकर निकामी होतें. म्हणून वैद्यांनीं तें औषध म्हणून दिलें तर त्याचा परिणाम टिकत नाहीं. व्याकरणांत सामान्य नियमास उत्सर्ग व विशेष नियमास अपवाद म्हणतात, आणि अपवाद लागू होतो तेथें उत्सर्गानें मागें सरावें लागतें. ससा हा शरीरशास्त्रांतील असा अपवाद आहे. आम्हीं विद्यार्थ्यांस हें सूत्र शेंकडों वेळां समजावून दिलें. आपल्या परसांत त्याचा विनियोग करावयाचें सुचलें नाहीं.

आणखी चार गोष्टी ज्या घरीं ससा आहे त्या घरीं ठाऊक असाव्या. पहिली हाडांची. सशाच्या मागच्या पायांत बळ फार, पण सांगाडा अति हलका. मांजराच्या सांगाड्याचें वजन देहाच्या १२ ते १३ टक्के, तर सशाच्या सांगाड्याचें अवघें ७ ते ८ टक्के. त्यामुळें त्यास कान धरून उचललें किंवा मागचा भाग लोंबता ठेविला, तर तो जोरानें लाथ झाडतो आणि स्वतःच्याच बळानें त्याचा कंबरेचा मणका मोडतो. मग मागचे पाय कायमचे लुळे. एक हात छातीखालीं व दुसरा ढुंगणाखालीं घालून, अंगाशीं धरून त्यास उचलावें. उताणा केल्यास तो निपचित पडतो. तें सुख नव्हे, भीतीनें आलेली स्तब्धता होय.

दुसरी गोष्ट श्वासाची व उष्णतेची. ससा नाकानेंच श्वास घेतो, तोंडानें घेणें त्यास जवळजवळ साधत नाहीं. म्हणून नाक चोंदणें हें त्याचें मोठें संकट. त्याची छाती पोटाच्या मानानें लहान असते. स्वस्थ सशाचा श्वास मिनिटास ३० ते ६०, नाडी १८० ते ३०० आणि अंगची उष्णता ३८.५ ते ४० अंश सेल्सियस; हे आंकडे ठाऊक नसतां हात लावला तर प्रत्येक ससा तापलेलाच वाटेल! त्यास घाम येत नाहीं. अंगची उष्णता बाहेर टाकण्याचें मुख्य साधन म्हणजे कान. पातळ कानांतील शिरा फुगून रक्त वाऱ्यानें निवतें. परंतु भोंवतालची हवा ३० अंशांपलीकडे गेली म्हणजे तो कासावीस होऊं लागतो, आणि आमच्या जालन्यांत वैशाखांत ४० अंशांची मजल नित्याची. तेव्हां पत्र्याखालीं पिंजरा ठेवूं नये. ओल्या वाळ्याचा पडदा, गार फरशी व भरपूर पाणी यांची तजवीज करावी.

तिसरी गोष्ट लघवीची. अन्नांतील चुना ससा बहुतेक सर्व शोषून घेतो व जास्त झालेला लघवीवाटे टाकतो. म्हणून ती गढूळ, पांढुरकी दिसते. कधीं कधीं वनस्पतींतील रंगामुळें ती तांबडीही होते, आणि घरांत रक्त म्हणून ओरड होते. खरें रक्त कीं रंग, हें वैद्य सहज तपासून सांगतात.

चौथी गोष्ट प्रजोत्पादनाची. सशिणीस दोन स्वतंत्र गर्भाशय असून त्यांचीं मुखेंही वेगळीं असतात. तिचें बीज ठराविक काळीं सुटत नसून नराशीं संबंध आल्यावर सुमारें १० ते १२ तासांनीं सुटतें. म्हणून गर्भधारणा क्वचितच चुकते. गर्भाचा काळ ३० ते ३२ दिवसांचा, आणि व्याल्यावर ती लागलीच पुन्हां गाभण राहूं शकते. ‘जोडी असूं द्या, करमेल’ म्हणून नरमादी एकत्र ठेवणाऱ्यानें हा हिशेब आधीं करावा.

या प्राण्याचें माणसावर ऋण किती आहे, हेंही विद्यार्थ्यानें विसरूं नये. १८८५ च्या जुलईंत पाश्चरनें पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास जी लस टोंचली, ती सशांच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. तो मुलगा आमच्या नातवाहून वर्षानेंच मोठा. प्रसाधनांच्या परीक्षेसाठीं सशांच्या डोळ्यांत द्रव्यें घालण्याची जी रीत पुढें पडली, तिला आपल्या देशांत २०१४ सालीं बंदी झाली, हें योग्यच झालें. मुंबईस १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. मराठवाड्यांत परभणीस १९७२ सालीं व उदगीरास १९८७ सालीं निघालें. तेथील साडेपांच वर्षांच्या अभ्यासांत गाईम्हशींचा वाटा मोठा असणार, कारण शेतकऱ्याचा संसार त्यांवर चालतो. परंतु आतां शहरांतल्या घरोघरीं ससे आले आहेत. तेव्हां विद्यार्थ्यानें सशास गाईची लहान प्रत अथवा मांजराची मोठ्या कानांची प्रत समजूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.

कापशीचें पुढें काय झालें, हें वाचक विचारतील. पुतणीनें दिवाळींतच कान तपासण्याच्या दिव्यानें तिचें तोंड पाहिलें. दाढांस टोकें फुटलीं होतीं, आणि जिभेच्या कडेस जखम झाली होती. तीही चार दिवसांपासून पोळीखेरीज कशास तोंड लावीत नव्हती. आम्ही तिला लाडावली म्हणत होतों. भाऊबीज होतांच पुतणी व आम्ही तिला पाटींत गवत घालून रेल्वेनें घेऊन निघालों. परतूर, सेलू, मानवत रोड अशीं स्टेशनें मागें पडत होतीं, आणि मुलगी दर अर्ध्या तासानें पाटींत हात घालून पाहत होती कीं गवत कमी झालें कीं नाहीं. परभणीस महाविद्यालयाच्या चिकित्सालयांत तिला बेताची भूल देऊन दाढा घांसून सारख्या केल्या, वेदना शमविणारें औषध दिलें, आणि शुद्धीवर येतांच प्रथम काय केलें असेल, तर तिच्यापुढें चारा ठेविला.

आतां आमच्या घरीं मारवेलाचें वाळलेलें गवत व हिरवी हराळी हाच कापशीचा मुख्य आहार आहे. वर थोडी कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला. गाजराचा तुकडा सणावारीं. नातू रोज शाळेस जाण्यापूर्वीं तिच्या लेंड्या पाहतो. त्या मोठ्या, वाटोळ्या व कोरड्या आहेत, असें पाटीवर लिहून ठेवतो.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्यास परभणीहून परतल्या दिवशींच दिलें. पारिजातकाखालीं बसवून सांगितलें, “बाळ, तो आजारानं कदाचित् वांचला असता. माझ्या उपासानं त्याचा जीव घेतला. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसतांना मी विचारलं नाहीं.” त्यानें क्षणभर आमच्याकडे पाहिलें व म्हटलें, “मग पुढच्या वेळीं आधीं ताईला विचारूं.” वडील माणसानें आपली चूक घरांतल्या लहानापुढें कबूल करूं नये, असा आमच्या पिढीचा समज होता. तो समजही त्या दिवशीं आम्हीं सोडून दिला.